मास्तरांच्या ओट्यावरून उठल्यानंतर

ताडकळस सोडलं तेव्हा मी लॉरीत रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसलो होतो. दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. ड्रायव्हरनं आत बसायला जागा दिली नव्हती, आणि पोत्यांवर नजर ठेवायची म्हणून मलाही ती नको होती. खाली माय उभी होती, तिच्या शेजारी सुभद्रा, माझी बायको. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. दोघींपैकी कुणी रडलं नाही. बा मात्र लॉरीभोवती फिरून दोर ओढून बघत होता. लॉरी हलली तेव्हा तो ओरडला, "उतरताना मोजून घे रं! डायवर लय हुशार हाय!" ड्रायव्हर ऐकत होता. घर सोडताना बापानं मला दिलेलं हे शेवटचं वाक्य.

तुम्हा गाववाल्यांपैकी जे तिकडेच राहिले त्यांना वाटतं, मी पुण्याला नशीब काढायला गेलो. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना ठाऊक आहे की माणूस फक्त एक लॉरी पकडतो. त्या वर्षी आपल्याकडे रेशनवर मिलो यायचा, तांबडी ज्वारी. माणसं ज्वारीकडे बघत होती, मी पोत्यांकडे बघत होतो. भरलेली पोती शहराकडून येतात आणि गावात रिकामी पडून राहतात, हे दिसायला शाळा लागत नाही. बोरीपासून ताडकळसपर्यंतच्या रेशन दुकानांतून मी पोती गोळा केली, फाटकी शिवली आणि पुण्याच्या भुसार बाजारात नेऊन विकली. दुसऱ्या खेपेला तिथंच राहिलो. दीड वर्ष एका गोदामात बारदान्यावर झोपलो. अंगाला तागाचा वास लागला, तो अजून आहे.

धंदा मूळचा बाचा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, बानं गावकीची कामं सोडली, आणि पोटाला काहीतरी हवं म्हणून बाजारात जुनी पोती घ्यायला-विकायला लागला. सौदा कसा करायचा ते मी त्याच्याकडूनच शिकलो. तो दुकानदारासमोर उकिडवा बसायचा, पोत्यातून हात फिरवायचा, भाव ऐकायचा आणि काही न बोलता उठायचा. धोतर झटकायचा. चार पावलं चालायचा. मागून हाक यायची, "ओ, असं कामून निगालात? या की माघारी!" तो परत यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. तिसऱ्या हाकेला सौदा. त्या दिवशी नाहीच जमलं तर तीन बाजार जाऊ द्यायचे, आणि चौथ्या बाजाराला सहज इकडून चाललो होतो असं दाखवत त्याच दुकानापुढून जायचं. समोरचा बोलावणारच.

लहानपणी मला ती बाची हुशारी वाटायची. आता वाटतं, त्याला त्या हाकेची चटक लागली होती. ते दुकानदार त्याला पाणी विचारत नव्हते. त्याच्या हातात पैसे देताना वरून टाकायचे. पण तो उठून चालायला लागला की भर बाजारात तेच त्याला "या की" म्हणायचे. साऱ्या गावात आम्हाला परत बोलावणारी ती एकच जागा होती.

गोदामातून बाहेर पडलो ते सुभद्रेला आणायचं ठरवलं तेव्हा. खोली शोधायला लागलो. पुण्यात पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "आडनाव काय आपलं?" मी खरं सांगायचो. मग खोली कालच दिलेली असायची, किंवा घरमालकाच्या भावाला लागणार असायची, किंवा एकदम रंग द्यायचा निघायचा. सहा दारं झाली. सातव्या दारात मी म्हणालो, "ताडकळसकर." बाईंनी "कोकणातलं का?" असं विचारलं आणि मी मान हलवली. दोन खोल्या मिळाल्या. ज्या गावानं माझ्या बापाला विहिरीवर चढू दिलं नाही, त्या गावाचं नाव लावल्यावर मला पुण्यात नळ मिळाला. हा हिशोब मी अजून कुणाकडून वसूल केलेला नाही.

सुभद्रा आली, मुलगी झाली. सुभद्रा तेव्हापासून म्हणायची, "अवं, लहान का हुईना, सोताचं घर बगा." मी तिला धंदा समजावून सांगायचो. घर म्हणजे झोपलेला पैसा. तोच पैसा पोत्यांत घातला तर वर्षातून चार वेळा फिरून येतो. भाडं देऊन राहणारा माणूस मूर्ख नसतो, त्याचा पैसा मोकळा असतो. शिवाय अकरा महिन्यांचा करार, नाही पटलं तर उठलो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "उटायचं तुमाला कुटं बी जमतंय." मला ती तारीफ वाटायची.

मग बा गेला. बाजारातच, पोती मोजता मोजता. मी जाऊन आलो. माय एकटी राहिली. चुलतभाऊ किसन शेजारीच होता, पण त्याचा संसार मोठा. मी मायला म्हणालो, चल पुण्याला. ती गुडघ्यांना हात लावत म्हणाली, "बगू तरी कसं हाय तुमचं पुनं." आणि आली.

नऊ दिवस राहिली. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं की इथं कुणी नाव विचारलं तर ताडकळसकर सांगायचं. नवव्या दिवशी सकाळी नळावर घरमालकीणबाईंनी गोड आवाजात विचारलं, "आजी, तुम्ही मूळच्या कोणाच्या?" माय म्हणाली, "आमी बौद्ध, बाई. छप्पन सालापासनं. जय भीम." आणि वर पूर्ण आडनाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

बाई हसल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान आले. म्हणाले, "जरा अडचण आहे. आमचा पुतण्या नोकरीला येतोय. महिनाअखेर खोल्या लागतील."

मी विचारलं, "पुतण्याचं नाव काय?"

त्यांना पटकन नाव सुचलं नाही. एवढं माणसानं ठरवून यावं. माझं डोकं फिरलं. मी तोंडाला येईल ते बोललो आणि त्यांची गॅलरीतली बादली उचलून खाली अंगणात फेकली. ती बादली पितळेची होती, आवाज साऱ्या आळीनं ऐकला.

माय आतून म्हणाली, "बादलीनं तुजं काय केलतं रं?"

दुसऱ्या दिवशी ती परत जायला निघाली. स्टेशनवर म्हणाली, "ह्या वयात मी माजं नाव खोटं सांगू का? तुज्या बानं गावाचं काम सोडलं तवा आमी पंदरा दिवस जवारीच्या कन्यांवर काढलं. ते काय आता नाव लपवायला?" मग गाडीत बसताना, "सोताच्या दाराचं घर घे. मंग बोलाव. तवर मी येत न्हाई."

माझा सगळा मोकळा पैसा त्या एका वाक्यासमोर बिनकामाचा झाला. मी घर शोधायला लागलो. दुसरी भाड्याची खोली घेतली ती फक्त मधल्या दिवसांपुरती, गोदामाजवळ, धुराची. भाव ऐकून चक्कर यायची. शहर तेव्हा पसरत होतं आणि प्रत्येक जण म्हणत होता, पुढच्या वर्षी याच्या दीडपट होईल. मी त्यांना दलाल समजून हसायचो. ते खरं बोलत होते.

हडपसरच्या वाटेवर एक निवृत्त शाळामास्तर घर विकत होते. त्यांचं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं. मी ते इथं लिहीत नाही, कारण त्यांनी माझं विचारलं नाही. दोन खोल्या, ओटा, मागं परसात न्हाणीघर, कढीलिंबाचं झाड. मास्तर एकटे होते, मुलीकडे इंदूरला जाऊन राहणार होते. आम्ही गेल्या गेल्या त्यांनी पाणी दिलं, मग स्वतः चहा केला. सुभद्रेला म्हणाले, "तुम्ही आतून बघून घ्या, संकोच करू नका." ती आत गेली ती बराच वेळ आली नाही. मी ओट्यावर बसून भिंतींची ओल मोजत होतो.

"घरात कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघं, मुलगी, आणि आई येणार आहे गावाकडून. तिचे गुडघे गेलेत."

मास्तर म्हणाले, "मग न्हाणीघराची पायरी उंच पडेल हो त्यांना."

आपला माल विकताना स्वतःच्या मालात खोट काढणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मी मनात म्हणालो, हा कच्चा आहे. त्यांनी चौदा हजार सांगितले होते. मी म्हणालो, "तेच म्हणतो मी. त्या पायरीचेच दोन हजार कमी करा. बारा."

"नाही हो. मला घासाघीस जमत नाही. मी चौकशी करूनच भाव ठरवलाय."

चौदा माझ्याकडे होते. गोदामातल्या मालासकट धरले तर वर उरले असते. घर मला पसंत होतं. सुभद्रा परसातून कढीलिंबाची डहाळी हातात घेऊन बाहेर आली होती, आणि तिचा चेहरा बघून मला राग आला, कारण गिऱ्हाईकाचा चेहरा असा नसावा. मी उठलो. धोतर मी नेसत नाही, तरी पँट झटकली.

"बरं," मास्तर म्हणाले. "विचार करून सांगा." फाटकापर्यंत आले. आम्ही बाहेर पडल्यावर त्यांनी फाटकाची कडी हळूच लावली.

चार पावलं झाली. मी चाल कमी केली. मागून सुभद्रा म्हणाली, "अवं, माघारी फिरा. हो म्हना. माणूस चांगला हाय."

"चांगला हाय म्हणूनच बोलावतंय बग आता."

"न्हाई बोलावलं तर?"

"गप चल. तुला सौद्यातलं काय कळतंय?"

कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं. तिथं आम्ही अर्धा तास उभे राहिलो. सायकलवाल्यानं विचारलं, पंक्चर आहे का. मी नाही म्हणालो. सायकलच नव्हती. फाटक तिथून दिसत होतं. ते उघडलं नाही.

त्यानंतर मी तीन बाजार जाऊ दिले. पुण्यात आठवडी बाजार नाही, म्हणून तीन रविवार मोजले. सुभद्रा पहिल्या आठवड्यात रोज बोलली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "तुमी जात नसाल तर मी जाते, चौदाला हो म्हनते." मी भाकरीचं ताट सरकवलं आणि एवढा ओरडलो की पोरगी रडायला लागली. तिसऱ्या आठवड्यात ती काही बोलली नाही. मायला मी तोवर पत्र टाकलं होतं की घर झाल्यात जमा आहे.

चौथ्या रविवारी मी सहज चाललोय असं दाखवत त्या रस्त्यानं गेलो. फाटकात कुणाचं तरी तीनचाकी खेळणं होतं. मास्तर ओट्यावर पुस्तकांना दोरी बांधत होते. मला बघून ते उभे राहिले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"अहो, मी तुमची आठ दिवस वाट बघितली. मग वाटलं, तुम्हाला घर आवडलं नाही. हे लोक आले, चौदा म्हणाले, मी हो म्हटलं. परवा कागद झाले. मी चार दिवसांत निघतो."

"तुम्ही मला परत बोलावलं का नाही?" माझा आवाज चढला होता.

ते गोंधळले. "निघालेल्या माणसाला अडवणं बरं दिसत नाही हो."

मग म्हणाले, "तुमच्या आईंचं सांगितलंत म्हणून मी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून ती पायरी उतरवून घेतली होती. या म्हटलं, बघा. आता काय उपयोग म्हणा."

मी परसात जाऊन बघितलं. नवं सिमेंट होतं. वीतभर उंचीची पायरी, खडबडीत, पाय घसरू नये म्हणून. एका बाजूला भिंतीत धरायला लोखंडी गज बसवला होता. त्या घरातली नवी बाई तिथं भांडी घासत होती. तिला ती पायरी कुणासाठी आहे हे माहीत नव्हतं. मास्तरांनी मला चहा विचारला. मी नको म्हणालो आणि निघालो. या वेळीही त्यांनी अडवलं नाही.

वाटेत मला काहीच वाटलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. राग यायला हवा होता, तो मला वारा आल्यासारखा येतो. त्या दिवशी आला नाही. गोदामात गेलो, संध्याकाळपर्यंत पोती मोजली. मोजणी बरोबर आली.

मायचं पत्र आलं, शाळेतल्या गुरुजींकडून लिहवलेलं. घर हातचं गेलं एवढंच मी कळवलं होतं. तिनं लिहिलं होतं, "आडनाव इचारलं आसंल त्यांनी. आसल्या मानसाच्या भिंतीत ऱ्हायचं बी न्हाई. तू दम खा." मी तिला लिहिलं नाही की हो, विचारलं. नाही विचारलं, असंही लिहिलं नाही. ते पत्र मी घडी करून ठेवलं. मला वाटलं, प्रत्यक्ष गेल्यावर सांगू.

आधीच्या सहा दारांवरचा माझा राग खरा आहे. पुतण्याचं नाव न सुचलेल्या माणसावरचा राग खरा आहे. तो मी कमी करणार नाही, कुणी कितीही समजूत घातली तरी. पण ज्या एका माणसानं आडनाव विचारलं नाही, आल्या आल्या पाणी दिलं, त्याच्याच ओट्यावरून मी उठलो. पाणी दिलं होतं. आणखी बोलवायचं काय शिल्लक राहिलं होतं? बा असता तर त्याच्याशी भांडलो असतो. तो नाही.

त्याच हिवाळ्यात तार आली. तार गोदामाच्या पत्त्यावर आली, कारण तेवढाच माझा पत्ता कायम होता. मनमाडवरून परभणी, तिथून एसटी. पोचेपर्यंत किसननं सगळं उरकलं होतं. तो म्हणाला, "दादा, लय वाट बगितली. उन्हं उतरली, मंग न्हेलं." मी बरं म्हणालो. बायका रडत होत्या. मी ओसरीवर बसलो, लोक येऊन भेटत होते, आणि मी त्यांच्याशी पोत्यांचे भाव बोललो. खरंच बोललो. ताग महागलाय म्हणून सांगितलं. किसनची बायको म्हणाली, मायनं ट्रंक भरून ठेवली होती. आत दोन लुगडी होती, एक फोटो, आणि पुण्यात मिळत नाही म्हणून घेतलेलं तिखट. ते तिखट आम्ही पुण्याला नेलं आणि खाल्लं. संपलं.

गेल्या वर्षी मी घर घेतलं. नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मास्तरांच्या घराच्या दुपटीहून जास्त पैसे पडले आणि जमीन पायाखाली नाही. ऑफिसात बसलेल्या माणसानं भाव सांगितला, मी हो म्हणालो. तो जरा दचकला. बहुधा कमी करायची तयारी ठेवून आला होता. सुभद्रेनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसली की काय ते मी विचारलं नाही. दारावर आमचं खरं आडनाव आहे, मोठ्या अक्षरांत. शेजारी काही बोलतात, काही बोलत नाहीत. आता कुणी महिनाअखेर सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी सुभद्रेनं सगळ्या खिडक्या उघडल्या. मी मधल्या खोलीत उभा राहून वाट बघितली, काही वाटतंय का. मग गोदामात गेलो.

तिकडून येणारी पोरं मला विचारतात, काका, भाड्यानं राहू की विकत घेऊ? तुम्ही हिशोबाचे पक्के, तुम्ही सांगा. मी त्यांना हिशोब मांडून दाखवतो, भाड्याचा आणि विकतचा. दोन्ही बाजू मला मांडता येतात. मग विचारतो, गावाकडून कोण यायचं आहे? कुणी यायचं असेल तर किती वय आहे? हिशोबात ते कुणी धरत नाही. मीही धरलं नव्हतं.

परवा किसनचं पत्र आलं. त्याच्या थोरल्याचं लग्न ठरलंय, घर अपुरं पडतंय, आणि मायचं घर बंद आहे, मागची भिंत खचायला लागली आहे. दादा, ते घर मला दे, काय घेशील ते मोकळ्या मनानं सांग, असं त्यानं लिहिलंय. मी चार दिवस उत्तर दिलं नाही. ही माझी सवय त्यालाही माहीत आहे, आणि तो समजला असणार की मी भाव चढवतोय. म्हणून हे सगळं लिहून काढलं, तुमच्या सगळ्यांदेखत.

किसन, तू आकडा लिहू नकोस. तू काहीही लिहिलंस तरी मी कमी आहे म्हणेन, आणि ते खोटं असेल. भिंत बांधून घे. नव्या सुनेला तिथं चूल मांडू दे. वर्षातून एकदा मी येईन आणि दारात उभा राहीन. मी परत वळायच्या आत मला आत बोलाव. तेवढ्यावर ते घर तुझं झालं.